कणीबद्दलचे माझे भाकीत

अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे अर्थशास्त्र शिकवतो आहे. परकीय व्यापाराचे प्रकरण आले की फळ्यावर तांदळाची रेषा काढतो. ती तळाशी सुरू होते, आपण बाहेरून तांदूळ आणत होतो त्या काळात. माझे वडील तरुणपणी रेशनवर ब्रह्मदेशचा तांदूळ घेत आणि त्याला कुबट वास येई, असे सांगत. मग रेषा चढू लागते आणि जगात सर्वांत जास्त तांदूळ विकणारा देश म्हणून आपण वर पोचतो. तिथे मी खडू जरा दाबून ओढत असे.

आमच्या वरच्या खोलीत काही वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेतल्या एका किनारी देशाचा विद्यार्थी भाड्याने राहत होता. तो कृषी विद्यापीठात शिकायला आला होता. मराठी तो शेतावरच्या मजुरांकडून शिकला, त्यामुळे माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोले. जेवायला बसला की माझ्या पत्नीला विचारी, “काकू, भात काहून इतकासा?”

“अरे, भात शेवटी असते. पोट पोयीनं भरते.”

“आमच्या घरी पोयी म्हणजे पाहुणी, काकू. दोन दिवस ठीक हाय.”

ती हसून पोळीऐवजी आणखी भात वाढी.

त्याला वडील नव्हते. त्याची आई तिकडे बंदराच्या फाटकाशी खानावळ चालवी. चार बाकडी आणि एक मोठे पातेले, एवढाच तिचा पसारा. जहाजातून पोती उतरवणारे हमाल तिथे जेवत. पोत्यांत आपल्याकडची कणी, म्हणजे तुटका तांदूळ, असे आणि पातेल्यातही तीच शिजे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता सरकारने कणीची निर्यात बंद केली. धानाचा पेरा घटला होता, देशात भाव चढण्याची भीती होती. ही कारणे मी वर्गात समजावून सांगितली. ती खोटी नव्हती.

पुढच्याच रविवारी मी त्याला घेऊन मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात ज्वारी आणायला गेलो. ओळखीच्या एका वृद्ध मुसलमान व्यापाऱ्याच्या दुकानात दाराशी कणीचे पोते उघडे होते. आमच्या विद्यार्थ्याने वाकून मूठभर कणी उचलली आणि तो तिच्याकडे पाहत राहिला.

“क्या सर, मुर्ग्या पाल लिए क्या?” व्यापाऱ्याने मला विचारले.

“चाचा, हे माझी माय शिजवते,” तो म्हणाला.

चाचांचे हसू मावळले. “बैठ बेटा,” म्हणत त्यांनी स्टूल पुढे केले.

स्टुलावर बसून त्याने मला सारे सांगितले. जहाजे थांबली होती. आईला एका शाळेत स्वयंपाकाचे काम मिळत होते, होकार शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. पण ती तिकडे गेली असती, तर फाटकाजवळची जागा त्याच दिवशी दुसऱ्या कोणी घेतली असती.

“काका, कणी पुन्हा कधी सुरू होईन?”

दोघेही माझ्याकडे पाहत होते. जाणत्या माणसाच्या सुरात मी म्हणालो, “नवे धान बाजारात आले की सरकारची भीती ओसरते. संक्रांतीपर्यंत बंदी उठेल.”

“सर बोले मतलब उठेंगी,” चाचा म्हणाले.

“मग मायले थांब म्हणू?”

“सांग तिला.”

माझ्यापाशी कसलाही आधार नव्हता. गप्प राहणे कमीपणाचे वाटले, एवढेच खरे. शिवाय आम्हा वऱ्हाडी माणसांचे ताट चार महिने भाताविना अडत नाही. वाट पाहणे मला हलके वाटले, त्यामागे हेही असावे.

त्याच्या आईने शाळेला नकार कळवला.

संक्रांत आली. पत्नीने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. मीच ओशाळून “होळीपर्यंत बघू” म्हणालो. पुढच्या पावसाळ्यात बासमती सोडून सारा पांढरा तांदूळही बंद झाला. हमाल कामाच्या शोधात दुसऱ्या बंदराकडे गेले. आईने काही दिवस दुसऱ्या देशाचा महाग तांदूळ शिजवून पाहिला, आधी दोन बाकडी विकली, मग उरलेली दोन. शाळेतल्या जागेवर केव्हाच दुसरी बाई लागली होती. शोधप्रबंध अर्धा टाकून तो मायदेशी परतला. स्टेशनवर आमच्या रीतीप्रमाणे तो माझ्या पाया पडला. मला आशीर्वाद देता आला नाही.

पुढे बंदी उठली. आधी पांढरा तांदूळ खुला झाला, काही महिन्यांनी कणी. रेषा मी आजही काढतो. ती पुन्हा चढली आहे, आणि मधल्या काळाचा उतार फळ्यावर बोटभरही भरत नाही. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात. त्यांना आणखी काय सांगावे, ते मला ठरवता आलेले नाही.

कणी खुली झाली त्या आठवड्यात त्याचा फोन आला. आधी काकूंची विचारपूस झाली.

“काका, माय बाजूलेच बसली हाय. फाटकापाशी एक जागा खाली झाली. ते विचारून राहिली, आता खानावळ टाकू का? पुन्हा बंद तर नाही होणार?”

त्याने मला दोष दिला असता, तर बरे झाले असते. मी म्हणालो, “बाळा, हे मला सांगता येणार नाही. तेव्हाही सांगता येत नव्हते. मी उगाच सांगितले.”

तो मग आईशी त्यांच्या भाषेत काही बोलला. त्यात माझे म्हणणे किती होते, मला कळले नाही. तिने अगदी हलक्या आवाजात एक लहानसा प्रश्न विचारला. “माय विचारून राहिली,” तो मला म्हणाला, “मग हे कोणाले विचारावं?”