उन्हात घडलेला दात

माझ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे हल्ली एक यंत्र आलं आहे. खाली मधासारख्या दाट द्रवाचं भांडं. त्यावर प्रकाश पडला की तेवढाच भाग घट्ट होतो, मग त्यावर पुढचा थर, आणि बघता बघता त्या द्रवातून अख्खा दात वर येतो. त्या मला ते मोठ्या कौतुकानं दाखवत होत्या. मी म्हटलं, "अहो, माझा हा समोरचा दात असाच थराथरानं घडवलाय, ऐंशीच्या दशकात, नागपुरात. फक्त यंत्राच्या जागी माझी आत्या होती." त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. म्हणून सगळंच सांगावं लागलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी समोरचा दात तोडून घेतला. पडले-बिडले नाही, पैज लावली. मे महिना होता, पाहुण्यांसाठी सोड्याच्या बाटल्या आल्या होत्या आणि ओपनर कुणालाच सापडत नव्हता. मामेभाऊ म्हणाला, "तुह्याच्यानं दातानं नाई निघत." मला 'नाही निघत' म्हटलं की माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं. झाकण निघालं आणि त्याच्यासोबत माझा अर्धा दातही.

आईच्या पाचावर धारण बसली. सासरचे म्हणतील, खोट लपवून पोरगी गळ्यात मारली. माझी भीती वेगळी होती. मुलगा बघायला आला तेव्हा आमच्या कूलरनं त्याच्या पोह्यांच्या बशीत पाण्याचा फवारा मारला होता, आणि तो बिचारा ते ओले पोहे मुकाट्यानं खाऊ लागला. मला हसू आवरेना. सगळ्यांसमोर खो खो हसले. आत्यानं दंडाला चिमटा काढला. लग्न मोडलंच असं घरचे धरून बसले होते, तर निरोप आला की मुलाला मुलीचं हसणं आवडलं. रूप नाही, शिक्षण नाही, हसणं. आणि उद्या बोहल्यावर तेच दाखवायची सोय उरली नव्हती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लकडगंजात तिचं घर, पण राज्य आमच्या घरावर. माझ्या हसण्याशी तिचं जन्माचं वैर. "किती खिदळून राहिली वं पोट्टे! बाईच्या जातीनं एवढं हासू नाई," हे मी पाळण्यापासून ऐकत आले असेन. त्या दिवशी मात्र ती थेट कामाला लागली. गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून पदराच्या गाठीत कांदा बांधला, आईला आणि मला रिक्षात कोंबलं आणि धरमपेठेतल्या नव्या डॉक्टरकडे नेलं.

हा डॉक्टर तरुण, नुकताच बाहेरून शिकून आलेला. दवाखाना खाली, घर वर. त्याच्याकडे दाताच्या रंगाचा एक लगदा होता. तो थोडा थोडा लावायचा, पिस्तुलासारख्या दिव्याचा निळा प्रकाश टाकायचा, की लगदा दगड व्हायचा. साध्या उजेडानंही तो हळूहळू घट्ट होतो, म्हणून खिडकीला जाड काळा पडदा. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, पडद्याला हात लावायचा नाही.

एक थर झाला. दुसऱ्यासाठी लगदा काचेवर काढला, आणि लाइट गेली. दिवा बंद, कूलर बंद. नागपुरातल्या मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद पडला की माणूस पहिल्यांदा काय करतो? खिडकी उघडतो. आत्यानंही तेच केलं. "पोट्टी गुदमरून मरन ना बाप्पा!" म्हणत तिनं पडदा सर्रकन ओढला. ऊन थेट त्या काचेवर पडलं. डॉक्टर पडदा लावायला धावला, तोवर लगद्याचा खडा झाला होता.

"आत्याबाई, सांगितलं होतं ना तुम्हाले!"

"एवढ्याशा उजेडानं काय होते, मले काय मालूम?"

आईनं डोळ्याला पदर लावला. लाइट संध्याकाळशिवाय येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी मला हळद लागायची होती. मी आत्यावर ओरडणार होते, पण अर्ध्या दातानं ओरडलं की शिट्टी वाजायची. डॉक्टर मात्र तो खडा चिमट्यानं काचेवर वाजवून बघत होता. टक्, टक्. मग तो एकदम हसला आणि वरून दाढीचा आरसा घेऊन आला.

खुर्ची जमिनीला ठोकलेली, उन्हापर्यंत सरकत नव्हती. मग ऊनच माझ्यापर्यंत आणायचं ठरलं. अंगणात उभं राहून आरशानं कवडसा माझ्या दातावर पाडायचा. आई आरसा घ्यायला पुढं झाली. आत्या म्हणाली, "आन इकडं. पडदा म्या उघडला, आता म्याच उभी राहतो." डोक्यावर पदर घेऊन ती त्या उन्हात जाऊन उभी राहिली.

माझ्या डोळ्यांवर ओला रुमाल होता. डॉक्टर काळ्या कापडाच्या आडोशाला पातळसा थर लावायचा, कापड काढायचा आणि हाक द्यायचा, "आणा!" लगेच ओठांवर चटका बसायचा. "थांबवा!" की चटका जायचा. सूर्य सरकत होता, तशी आत्याही सरकत होती. खिडकीतून आत येणारी लू नुसती भाजत होती, आणि बाहेरून आत्याचा आवाज येत होता, "झालं का गा? नाई झालं तर सांग, मी हाओ." एरवी ज्या उन्हाला आम्ही शिव्या घालायचो, ते त्या दिवशी कणाकणानं माझा दात भरत होतं.

शेवटचा थर झाला, डॉक्टरनं दात घासून गुळगुळीत केला, आणि मग लाइट आली. आमच्या गावची लाइट ती. त्यानं निळा दिवा पुन्हा एकदा फिरवला आणि समाधानानं मान हलवली. आत्या आत आली तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं, नाक सोलवटलं होतं. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिनं आधी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. दात निखळेल या धास्तीनं मी ओठ घट्ट मिटून बसले होते. फोटोवाला म्हणून थकला, "वहिनी, जरा हसा." नवरा हळूच म्हणाला, "राग आला आहे का?" मी 'नाही' म्हणून नुसती मान हलवली. त्याचा चेहरा उतरलेला मला दिसत होता, तरी तोंड उघडायचा धीर होईना.

तेवढ्यात फोटोवाल्याच्या मागून, भर मांडवात, सोलवटलेल्या नाकाची आत्या ओरडली, "हास ना वं पोट्टे! मी काय उगीच उन्हात उभी राहिली?"

त्या दाताची मधे दोनदा डागडुजी झाली, आता तो पिवळाही पडलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, काढून टाकू, यंत्रावर नवा छापून देते. मी नाही म्हटलं. लग्नाच्या त्या फोटोत माझं तोंड कानापर्यंत उघडं आहे, शेजारी नवरा माझ्याकडे बघून हसतोय, आणि आत्या फोटोत कुठेच नाही.