बाटलीवाल्या मावशींचा डावा कान

शेळ्यांच्या फार्मवर मावशींचं काम एकच: आईने झिडकारलेल्या करडांना बाटलीने दूध पाजणं. म्हणून त्या बाटलीवाल्या मावशी. नवखी माणसं या नावाचा भलताच अर्थ काढत, आणि मावशी तो खुशाल काढू देत.

पद्धतही त्यांची न्यारी. दूध पिऊन झालं की करडू डाव्या खांद्यावर टाकायचं आणि ढेकर येईपर्यंत थोपटत गोठाभर फिरायचं. करडांचा ढेकर काढावा लागत नाही, असं मालकाने वीस वर्षं सांगितलं. मावशींनी वीस वर्षं ऐकून घेतलं आणि थोपटत राहिल्या.

मग त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीवर फोड आला. बघता बघता द्राक्षाएवढा झाला, लालजांभळा, वर ओली खपली. मलमांना त्याने भीक घातली नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘गाठ वाईट दिसतेय. पाळी कापावी लागेल.’’ मावशींचं धाबं दणाणलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी, भूल देण्याआधी, सर्जनबाईंनी सहज विचारलं, ‘‘मावशी, काम काय करता?’’

झालं! मावशी भीतीबिती विसरल्या. खाटेवरची उशी खांद्यावर टाकून त्या थोपटत खोलीभर फिरल्या. ‘‘अशी शांत होतात लेकरं. कान चोखत बसतात.’’

‘‘कुठला कान?’’

‘‘हाच की!’’

सर्जनबाईंनी हातमोजे काढले. ‘‘करडांच्या तोंडाला फोड आहेत?’’

‘‘दोघांच्या आहेत. मीच तेल लावते रोज.’’

‘‘मग हा त्यांचाच विषाणू असणार. माणसाला बहुतेक बोटांवर होतो, म्हणून कानावर कुणी ओळखला नाही. तपासून बघू, पण आपोआप जाईल.’’

बाहेर बसलेला नवरा हे ऐकून आत डोकावला, ‘‘चल, चल आधी, बाईंचं मन बदलायच्या आत!’’

तपासणीत तेच निघालं. सहा आठवडे मावशींनी हातमोजे घालून दूध पाजलं, खांद्यावर कुणालाच घेतलं नाही. तेवढ्या काळात कानावरचा फोड सुकला, करडांची तोंडंही बरी झाली. मावशी कानांवर रुमाल बांधून गोठ्यात धावल्या, पण धाकटं करडू एवढं वाढलं होतं की उचलेचना. शेवटी त्या पालथ्या बादलीवर बसल्या. करडाने मांडीवर पाय दिले, डाव्या खांद्यावर मान टाकली आणि रुमालावरून कान शोधू लागलं. मावशींचे डोळे भरून आले आणि हात आपोआप थोपटू लागला.

‘‘अजून थोपटताय?’’ मालक दारातून ओरडला. ‘‘त्या थोपटण्यानेच तर कानाला रोग झाला!’’

‘‘आणि थोपटून दाखवलं म्हणूनच कान जागेवर राहिला,’’ मावशी म्हणाल्या. थोपटणं चालूच होतं.