दोन वेळा ‘नको’

ओक्कार सहा वर्षांचा असताना शेजारच्या काकूंनी भोपळ्याच्या भज्यांची ताटली पुढे केली आणि या बेट्याने पहिल्याच बोलावण्याला हात घातला. घरी आल्यावर आईने, दॉ न्योने, पाठीत धपाटा घातला. “दुष्काळातून आलायस का? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग घ्यायचं.” आम्हा ब्रह्मदेशी लोकांच्या घरात पोर बोलायला लागायच्या आधी हे शिकतं. पण याच्या अंगात ते जरा जास्तच मुरलं.

जपानात तोयामाला शिकायला आला तो ही भीड सामानात बांधूनच. विद्यापीठात माती तपासायची त्यांची प्रयोगशाळा. डोंगर कुठे खचेल याचा अभ्यास. सकाळी सायकल हाणत जायचं, ओल्या मातीचे डबे वजन करून भट्टीत ठेवायचे, संध्याकाळी माशांच्या वड्यांच्या कारखान्यात उभं राहायचं. दुपारी सोबतची मुलं विचारायची, “जेवायला येतोस?” हा म्हणायचा, “नको, तुम्ही जा.” आणि ती जायची. जपानी मुलं ती, माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नको असेल, उगाच कशाला भरीस पाडा, असा त्यांचा सरळ हिशोब. मग हा डब्यातला गार भात एकटा खायचा. दीड वर्ष असं चाललं तरी याला अक्कल आली नाही.

खोलीत त्याच्याबरोबर सानदादा राहायचा. आमच्यातलाच, जपानात बारा वर्षं मुरलेला, तोंडाने फटकळ. वाटलेल्या मासळीची चटणी परतायची म्हणजे खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असलं तरी, नाहीतर वरच्या बाई दार ठोठावायच्या. त्या गारठ्यात कुडकुडत दोघं जेवत.

मार्चमध्ये ओक्कारची पदवी होणार होती. पुढे काय, हा प्रश्न नुसता नोकरीचा नव्हता. घरी, मिंजानला, वॉर्डातला सरकारी कारकून आईला सांगून गेला होता, “थोरल्याचं शिक्षण चालू आहे तोवर तुमच्या घराला हात लावत नाही. संपलं की फौजेत एक जण द्यायचा. थोरला आला नाही तर धाकटा.” धाकटा अठरा पूर्ण. म्हणजे ओक्कार शिकत राहिला तरच दोघं भाऊ सुटणार होते. पुढच्या संशोधनासाठी प्रयोगशाळेत एकच जागा होती, आणि ती मिझुतानी सर देणार होते. घरची ही गोष्ट त्याने सरांना कधी सांगितली नाही. आपलं दुःख दुसऱ्याच्या डोक्यावर का ठेवा?

ऑक्टोबरात सरांनी त्याला खोलीत बोलावलं. चहा पुढे केला. “ओक्कार, पुढे माझ्याकडेच राहून शिकशील का?”

याच्या काळजात लख्ख झालं. आणि तोंडातून काय आलं? “नको सर. माझी कुठे एवढी लायकी? कितागावा आहे, तो माझ्याहून हुशार आहे.”

सरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. “असं म्हणतोस? बरं. महिनाअखेर नाव कळवायचं आहे.”

हा बाहेर आला तो तरंगत. घरी येऊन सानदादाला म्हणाला, “सरांनी विचारलं, दादा. पहिल्यांदा झालं.”

“पहिल्यांदा म्हणजे? तू काय म्हणालास?”

“नको म्हणालो. लगेच हो म्हणालो असतो तर काय वाटलं असतं त्यांना?”

सानदादाने चमचा खाली ठेवला. “अरे गाढवा, तुझ्या शेजारच्या काकू आहेत का त्या? इथे दुसऱ्यांदा कोण विचारतं? रोज दुपारी एकटा गार भात गिळतोस, तेवढ्यावरून तरी कळायला नको?”

“जेवणाची गोष्ट वेगळी. एवढ्या मोठ्या गोष्टीला विचारतीलच.”

“उद्या सकाळी जा आणि स्वच्छ सांग, सर, मला जागा हवी. घरचंही सांग. भीड भिकेची बहीण असते, बाळा.”

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या दारापर्यंत गेला. सर म्हणाले, “काय रे?” हा म्हणाला, “भट्टीचं तापमान जरा कमी दाखवतंय, सर.” जीभ झडली होती मेल्याची! सरांनी उठून भट्टी बघितली, आभार मानले.

एक एक दिवस तो वाट पाहत राहिला. सर समोरून गेले की काम टाकून उभा राहायचा, जाता जाता विचारतील म्हणून. सर हवेबद्दल बोलायचे. शेवटी सानदादाने शिव्या घालून त्याला पुन्हा पाठवलं. वाटेत सगळं घोकत गेला, फौजेचं, धाकट्याचं. दार लोटलं तर सर स्वतःच उठून सामोरे आले.

“बरं झालं आलास. तुझे आभार मानायचे राहिले होते. तुम्ही दोघं पोरं आणि जागा एक, मला झोप लागत नव्हती. तू मन मोठं केलंस म्हणून सुटलो मी. कितागावाचं नाव आजच कळवतोय.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा होता की ओक्कारने कमरेत वाकून नमस्कार केला आणि परत फिरला. नावाचा कागद अजून टेबलावर होता. दोन वाक्यं पुरली असती. पण तो निवांतपणा मोडायचा धीर त्याला होईना, आणि तुम्ही म्हणाल हा मूर्खपणा, तर मीही तेच म्हणतो.

वर्षअखेरीच्या जेवणात सरांनी पेला उचलला. “ओक्कारने आपणहून जागा सोडली. आईजवळ परत जाणार आहे. असा मुलगा आजकाल मिळत नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कितागावाचे डोळे भरून आले होते. हाही सगळ्यांबरोबर हसला. दुसऱ्या पदवीला, दुसऱ्या शहरात कुठे धडपड करायची तर मुदती केव्हाच उलटून गेल्या होत्या. इतर मुलांनी वर्षभर आधी सोय लावलेली, हा आपला आग्रहाची वाट पाहत बसलेला.

मार्चमधल्या रविवारी सकाळी त्याने आईला फोन केला. सानदादा मुद्दाम बाहेर बर्फ ओढत होता. धाकटा मागे कुणाशी तरी हसत होता, त्याचा आवाज येत होता.

“तिकीट काढलं, आई. मी येतोय. वॉर्डात सांग, फौजेत थोरला येतोय, धाकट्याचं नाव घालू नका म्हणावं.”

आई म्हणाली, “तुझ्या त्या सरांनी ठेवून घेतलं नाही? एवढं चांगलं म्हणायचास त्यांना. विचारलंसुद्धा नाही?”

“विचारलं.”

“मग?”

“नको म्हणालो.”

“किती वेळा विचारलं त्यांनी?”

“एकदाच.”

पलीकडे धाकट्याचं हसणं चालूच होतं. आईने त्याला गप्प बस म्हटलं, आणि मग फोनवर म्हणाली,

“त्या दिवशी ते भजं खाऊ द्यायला हवं होतं रे तुला मी.”