धक्क्याच्या पायऱ्यांवरची ओटी

बाळांनो, धक्क्यावरची ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तुमचे आजोबा तेव्हा रत्नागिरीला फौजदार होते. निवृत्तीनंतर ते आपल्या तपासांच्या हकिगती रंगवून सांगत, पण ही कधी रंगवली नाही. त्यांनी ती लिहून ठेवली नाही, म्हणून मी लिहिते. नावे त्यांनी कधी घेतली नाहीत; मीही घेत नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. मुंबईहून यायचे ते आगबोटीने. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, धक्क्याला लागत. पायऱ्यांवर बोट कंपनीचा चेकर तिकिटे तपासत असे. शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांची झुंबड उडे आणि चेकरच्या वाट्याला शिव्या येत. "बोट काय तुझ्या बापाशीची?" हे तर नेहमीचेच.

त्या शिमग्यात वर्दी आली, की कोणी चेकरला पायऱ्यांवरून ढकलले. डोके दगडावर आपटून तो बेशुद्ध पडला होता. पोलीस पोचेपर्यंत पडाव रिकामा झाला होता.

आजोबांनी पडाव हाकणाऱ्या तांडेलाचा जबाब घेतला.

"माणूस वळखला नाय, सायब. गाठोड्यावरून झटापट झाली. नारळ घरंगळून पाण्यात पडला."

"तू काढलास का?"

"छ्या! हळदकुंकू लावलेला नारळ. देवीची ओटी ती. मी कसा हात लावू?"

पडावातली माणसे कोणत्या गावची, एवढे मात्र त्याला ठाऊक होते.

गाव घाटाकडचे. आजोबा हवालदाराला घेऊन पोचले, तेव्हा देवीची पालखी निघायच्या तयारीत होती. प्रत्येकाला विचारले. उत्तर एकच: "आमच्यातला नाय, सायब." असे एकसारखे जबाब आले, की ते ठरवून दिलेले असतात, असे आजोबा म्हणत. पण पुरावा नव्हता. ते परत फिरणार, तोच ढोल वाजले आणि पालखी उचलली जाईना. पहिला खांदा ज्या घराचा मान, त्या घरचा माणूस नवे धोतर नेसून, हात जोडून लांब उभा होता.

आजोबा त्याच्यापाशी गेले. "खांदा का देत नाहीस?"

तो म्हणाला, "ह्या हातानं रगत काढलंय, सायब. तो मानूस जगला का मेला, ते कळल्याबिगर देवीला कसा शिवू?"

"शुद्धीवर आलाय तो."

ऐकताच त्याने पालखीच्या दिशेने जमिनीला डोके टेकले. मग सगळे सांगितले. मुलगा तापातून उठावा म्हणून बायकोने देवीला ओटी बोलली होती. बोटीवर खिसे कापले जातात, म्हणून तिकीट त्याने ओटीच्या खणातच ठेवले. देवीच्या स्वाधीन केलेल्या वस्तूला कोण हात लावणार? पायऱ्यांवर चेकरने तिकीट मागितले. "वर येतो, वहाणा काढतो, मग उघडतो," असे हा सांगत राहिला. चेकरला ते निमित्त वाटले. त्याने गाठोडे ओढले, नारळ समुद्रात गेला आणि ह्याने रागाच्या भरात त्याला ढकलले.

"सायब, आता यक खांदा देऊ?"

आजोबा म्हणाले, "दे. मी थांबतो."

पण गावकर, म्हणजे गावचे प्रमुख मानकरी, पुढे आले. "नाय. आता नाय."

"आत्ता तर त्याच्यासाठी खोटं बोललात!"

"पोलिसाला खोटं सांगू, सायब. देवीला कसं सांगणार?"

खांदा त्याच्या चुलतभावाने दिला. पालखी वळणाआड जाईपर्यंत आजोबांनी आरोपीला हलवले नाही. मग गुरवाच्या हातून गाठोडे उघडून पंचनामा केला. तिकीट खणाच्या घडीत होते, लाटेच्या पाण्याने भिजून वाळलेले, पण अगदी बरोबर.

कोर्टात ते पाहून चेकर म्हणाला, "एवढंच होतं, तर वर येऊन उघडायचं होतंस."

आरोपी म्हणाला, "तेच तर तुमास्नी सांगत व्हतो."

मॅजिस्ट्रेटने ते लिहून घेतले. शिक्षा झाली ती झालीच. चेकरला एका कानाने कायमचे ऐकू येईनासे झाले होते. तुरुंगातून सुटल्यावर तो माणूस मुंबईला गेला आणि शिमग्याला परत कधी आला नाही. पहिला खांदा चुलतभावाच्या घरीच राहिला.

आजोबांनी पुढे हाताखालच्या शिपायांना झडती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला लावले: गाठोड्यात काय आहे? ते म्हणत, "गुन्हा उघडकीस आणला, ह्याचं मला कधी समाधान वाटलं नाही. चेकर आणि तो, दोघंही आपापल्या कामाला चुकले नव्हते."

त्यानंतर एका शिमग्याला मी माहेराहून बोटीने आले. पायऱ्यांवर तोच चेकर होता. पुढच्या म्हातारीने गाठोडे छातीशी धरले होते. चेकरने हात मागे घेतला आणि विचारले, "आजी, ओटी आहे का?" मग तिचे उत्तर ऐकायला त्याने मान वळवून चांगला कान पुढे केला.