कानात सांगायचं नाव

कडूबाईंचं नाव मृत्यूला दारातूनच परतवण्यासाठी ठेवलेलं होतं. सिल्लोडजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या आधीची भावंडं एकापाठोपाठ एक पाळण्यातच गेली. म्हणून ही मुलगी जन्मताच तिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सुईणीनं तिथून उचलून आणल्यावर आईनं पसाभर कोंडा देऊन आपलीच लेक विकत घेतली आणि तिला कडू म्हणायला सुरुवात केली. कडू वस्तूला कोण तोंड लावणार, असा त्यामागचा विचार. ती जगली, पाठचा पुंजारामही जगला. मात्र आई न्हाऊ घालायला बसली की आपल्या पलीकडे कुणालातरी शोधते आहे, हे कडूबाईंना फार लहानपणी उमगलं. थोरलीचे केस दाट होते, मधल्याला ऊन पाणी आवडायचं, असं आई बोलत राही. कडूबाई अंगावर तांब्या ओतून घेत गप्प बसत. आपल्या मागं कुणीतरी रांगेत उभं आहे, ही भावना पुढं सासरी, वैधव्यात आणि शहरात आल्यावरही त्यांना पुरती सोडून गेली नाही.

शहरात त्यांनी बेगमपुऱ्यात विद्यापीठाच्या मुलांसाठी मेस चालवली. पुंजारामचा धाकटा, इंद्रजीत, कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहिला. स्वतःचं मूल नसलेल्या कडूबाईंच्या घरात तो भाकरी तव्यावरूनच उचलायचा, उभ्यानं खायचा, भाजीत मीठ कमी असल्याचं गल्लीभर ओरडून सांगायचा. श्रावणातल्या एका सोमवारी वेरुळहून परतताना घाटात त्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नाही. फोटोला हार होता, वर्षश्राद्ध झालं, पण बोलताना सगळे 'तो' म्हणत आणि झटकन विषय बदलत.

आता पुंजारामच्या थोरल्या मुलाला, शिवमला, मुलगा झाला होता. मुकुंदवाडीतल्या एका हॉलमध्ये बारसं होतं. शिवमला बहीण नाही, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान शिवमच्या आत्याकडे, म्हणजे कडूबाईंकडे आला. बाळ झाल्यापासून इंद्रजीतचं नाव पुंजारामच्या तोंडी पुन्हा येऊ लागलं होतं आणि बाळासाठी त्यानं तेच ठरवलं होतं. दारातल्या फ्लेक्सवर ते ठळक अक्षरांत झळकत होतं, चांदीच्या वाटीवरही कोरलेलं होतं.

"आक्का, इंद्रा म्हागारी आलाय," सकाळी त्यानं बहिणीचा हात धरून सांगितलं. "त्याचं नाव तुज्याच तोंडातून निघू दे."

"व्हय," त्या म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना खरोखर आनंद झाला होता. कोंडून ठेवलेलं ते नाव आता मोकळेपणानं हाकारता येणार होतं. जीभ जणू त्यासाठीच आसुसली होती.

पाहुणे जमत असताना तनुजानं, बाळाच्या आईनं, त्यांना आतल्या खोलीत बोलावून दार लोटलं.

"आत्याबाई, एक बोलू? रागवायचं नाय."

"बोल की."

"मामंजी ह्याला मांडीवर घेतात अन् म्हणतात, आलास का रं इंद्रा. पण बघतात ह्याच्या डोक्यावरून, भिंतीकडं. अन् काल सासूबाई म्हणल्या, ह्याला मोठेपणी गाडी शिकवायची नाय. अजून मान धरत नाय लेकरू!"

"शिवमला सांगितलंस?"

"त्यांना रडू येतं. मग मीच गप बसते." तिनं बाळाचं टोपडं उगाच सरळ केलं. "दुसरं काय बी ठेवा आत्याबाई. फक्त ते नको."

कडूबाई बाहेर आल्या. पुंजारामच्या सांगण्यापुढं सुनेचा शब्द टिकणार नव्हता. पण आत्यानं एकदा कानात सांगितलेलं नाव मागं घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती आणि ती मोडायची पुंजारामचीही छाती झाली नसती. आणि त्यांना उरलेलं माहेर म्हणजे तरी कोण? हाच एक भाऊ.

पाळण्याभोवती बायकांनी कडं केलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," म्हणत बाळ पाळण्याखालून वरून हातोहात फिरू लागलं. पुंजाराम समोरच्या खुर्चीत पुढं झुकून बसला होता. त्याची नजर बहिणीच्या ओठांवर होती. आवडाबाईंनी, पुंजारामच्या बायकोनं, डोळ्याला पदर आधीच लावला होता.

कडूबाई वाकल्या. पाठीवर बायकांचे धपाटे पडू लागले, "कुर्रर्र" असा गलका उठला. बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. ओठांवर इंद्रजीत आला. नुसता श्वास सोडला असता तरी बाहेर पडला असता. तेवढ्यात बाळानं मान कलती करून त्यांच्याकडे पाहिलं. अगदी त्यांच्याकडेच.

"काय नाव वो, आत्याबाई?" कुणीतरी ओरडलं. "लाजताय काय, तुमचं बारसं हाय का?"

हसणं पसरलं. कडूबाई सरळ झाल्या.

"गोविंद."

हसणं जिथल्या तिथं थांबलं. आवडाबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला. शिवमनं आधी वडिलांकडं पाहिलं, मग बायकोकडं. तनुजा मात्र पाळण्याची दोरी घट्ट धरून होती. पुंजाराम खुर्ची मागं ढकलून बाहेर निघून गेला.

तो दाराशी, फ्लेक्सकडं पाठ करून उभा होता. कडूबाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझं पोरगं दुसऱ्यांदा नेलंस, आक्का."

"न्हाणीत आई काय बोलायची, तू ऐकलंयस पुंजा. मी समोर असायचे अन् ती गेलेल्यांशी बोलायची."

"ते येगळं."

"येगळं नाय. मी त्येच भोगलंय."

आतून पंगत बसल्याची हाक आली. दोघंही हलले नाहीत. कडूबाईंनी पदर खांद्यावर ओढला.

"इंद्रजीतनं," त्या म्हणाल्या आणि एवढ्या काळानंतर उच्चारलेल्या त्या शब्दापाशी त्यांना थांबावं लागलं. "इंद्रजीतनं माझ्या मेसच्या पाटीखाली खडूनं काय लिव्हलं होतं, तुला कधी सांगितलंच नाय. पाटीवर 'कडूबाई मेस'. त्याखाली ह्यानं लिव्हलं, 'फक्त बाई कडू आहे, भाजी नाही.' मी लाटणं घेऊन त्याच्या मागं पळाले, मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत."

पुंजारामचा जबडा आवळलेलाच होता. रागही उतरला नव्हता. आज, उद्या उतरेल असंही दिसत नव्हतं. फ्लेक्सची कड वाऱ्यानं फडफडत होती.

मान न वळवता त्यानं विचारलं, "घावला का मग?"