तुळशीतली काळी माती

काल तुळशीची कुंडी बदलत होते. तळाची काळी माती ओली झाली आणि असा वास सुटला, की मी तशीच बसून राहिले बाई. चंदीगडची माती पांढरट. ही मूठभर काळी माझ्या दादाने सांगलीहून आणलेली.

पंजाबात दहशतवादाचे दिवस होते. हे इथल्या दवाखान्यात डॉक्टर. भाऊबीजेला दादा कर्फ्यूच्या धास्तीतूनही आला. मी ओवाळलं, तर त्याने तबकात रुमालातली माती ठेवली. म्हणाला, "शकू, विहिरीजवळचा तुकडा तुझ्या नावावर करतो. घर बांधा, पण इथून निघा."

हे काही पेशंट सोडून यायचे नाहीत, म्हणजे मी एकटीनेच जायचं. शिवाय दादाची तेवढीच तर बागायत!

"नको रे दादा."

"ओवाळणी कुणी परत करतं का?"

निरांजनातलं तूप तडतडत होतं. एकदम आठवलं, वहिनीला सातवा महिना होता. म्हटलं, "बरं, घेतली. आता ही जमीन तुझ्या बाळाला, बारशाचा आहेर. आत्याचा आहेर परत करून दाखव बघू!"

दादा आधी चिडला, मग खो खो हसला. "तुझी वहिनी म्हणालीच होती, ही यायची नाही."

आता तिथे भाचीचा ऊस डोलतो. मी कुंडी भरून उठले, तर आतून ह्यांची हाक, "अगं, चहा टाकतेस ना?"