पालथं पडल्याचा नारळ

बाळांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या मावशी भरे गावातून आमच्या सोसायटीत चालत येतात. आल्या की बांगड्या वर सारतात आणि आधी आपली करंगळी बाळाच्या तळहातावर ठेवतात. पहिल्या दिवशी माझ्या लेकाने ती गच्च धरली तेव्हा मी हरखले. त्या म्हणाल्या, "सगळीच धरत्यात, ताई. तीन-चार महिन्यांनी आपसूक सोडत्यात. मग सोताच्या मनानं खुळखुळा धरत्यात."

बाळ पालथं पडलं की त्या घरातून हक्काने नारळ नेतात. तिसऱ्या महिन्यातच मला बजावलं होतं, "नारळ आणून ठिवा. मी सोडायची न्हाई." मी त्याच दिवशी आणून ओट्यावर ठेवला.

शेजारच्या मुलीचा नारळ त्यांनी भांडून नेला. आमच्याकडे मात्र पाचव्या महिन्यापासून नारळाचं नावच काढलं नाही. एवढी तोंडाळ बाई गप्प बसते, याचाच मला राग यायचा.

आता दहावा महिना आहे आणि लेक अजून पाठीवरच आहे. काल मीच नारळ त्यांच्यापुढे धरला. "मावशी, घेऊन जा. सुकून चाललाय."

त्यांनी तो कानाशी हलवला. पाणी वाजलं नाही. "ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणत परत ओट्यावर ठेवला.

मग लेकाची मूठ एकेक बोट सोडवून उघडली आणि तेल लावलं. बोटं पुन्हा त्यांच्या करंगळीभोवती मिटली.

"लई जोर हाय हातात," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.